ऑक्युपेशनल थेरपीत पेशंटचे गोल (उपचाराची उद्दिष्टं) मोजता येतील असे कसे लिहायचे?

तुम्ही विचारलंय की इंटर्नशिपमध्ये केस शीटवर तुम्ही 'हाताचं कार्य सुधारणे', 'स्वावलंबन वाढवणे' असे गोल लिहिता आणि मॅडम दर वेळी 'मोजणार कसं?' म्हणून शीट परत देतात. मॅडमचं बरोबर आहे. पण म्हणून लगेच डायनामोमीटर (मुठीची ताकद मोजायचं यंत्र) हातात घेऊ नका. 'उजव्या हाताची ग्रिप दोन किलोने वाढेल' हे अगदी काटेकोर मोजता येतं, तरीही तो ओटीचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा, गोल होत नाही. ग्रिप वाढल्यावर तो माणूस काय करणार आहे, ते लिहा. मोजायचं काय हे त्या कामातच सापडतं.

मला हे एका काकांनी शिकवलं. पक्षाघात, उजवी बाजू गेलेली. मी लिहिलं होतं, 'जाड मुठीच्या चमच्याने ७५ टक्के जेवण स्वतः जेवतील.' तीन आठवड्यांत ते आमच्या डिपार्टमेंटमध्ये जमलं, मी 'गोल पूर्ण' अशी नोंद केली. पुढच्या व्हिजिटला काकू म्हणाल्या, चमचा घरी नुसता पडून आहे, मीच भरवते. काकांना विचारलं. ते हळूच म्हणाले, "चमच्यानं पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही." डाव्या हाताने जेवायला तर ते तयारच नव्हते. हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

मग त्यांना वरणभाताच्या ताटासमोर बसवून नीट पाहिलं. कालवता येत होतं. पण घास उचलताना अंगठा आत वळायचा, हात तोंडाकडे नेताना कोपर बाहेर फाकायचं, आणि ओठांशी पोचेपर्यंत निम्मा घास ताटात. दहा घासांपैकी तीन नीट पोचले. नवा गोल असा लिहिला:

'चार आठवड्यांत काका खुर्चीवर बसून, कोपर टेबलावर टेकवून, उभ्या काठाच्या ताटातला घट्ट कालवलेला वरणभात उजव्या हाताने खातील. सलग दहा घासांपैकी आठ न सांडता. काकूंनी हात न लावता, फार तर एकदा तोंडी आठवण करून. (आज: दहापैकी तीन.)'

कोण, कुठलं काम, किती मदतीने, कुठल्या परिस्थितीत, कधीपर्यंत. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'कोस्ट' (COAST) म्हणतात, तुम्हाला शिकवलं असेलच. त्यात दोन गोष्टी मी हट्टाने सांगेन. एक, नुसते टक्के लिहू नका. ७५ टक्के कशाचे? घास मोजा, बटणं मोजा, पायऱ्या मोजा. दुसरी, 'कमीत कमी मदत' म्हणजे काय ते उलगडून लिहा: कोपराला हात लावला, की फक्त सांगितलं, आणि किती वेळा. फिम (रोजच्या कामांत किती मदत लागते ते मोजणारी पट्टी) वापरत असाल तर त्याच्या सात पातळ्या म्हणजे मदतीची हीच उतरंड आहे.

आणि मोजणार कोण, हेही ठरवा. गावाहून पंधरा दिवसांनी येणाऱ्या पेशंटसाठी चार आठवडे म्हणजे दोनच व्हिजिट. काकू रोज रात्री पहिल्या दहा घासांतले किती पोचले ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायच्या. पान काढून घेऊन आल्या तेव्हा त्यावर ४, ५, ५, ६ असे आकडे होते, मध्येच एक ३, तापाच्या दिवसाचा. महिन्याअखेरीस सातच. गोल पूर्ण झाला नाही, आणि तेच उपयोगी पडलं. आता अंगठाच आड येतोय हे दिसलं, म्हणून अंगठ्याचा स्प्लिंट (आधारपट्टी) दिला. सहाव्या आठवड्यात आठ झाले.

कुठलं काम निवडायचं ते पेशंटकडूनच येऊ द्या. सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर) ही पेशंटला विचारून भरायची मोजपट्टी; तिच्यात प्रत्येक कामाला पेशंट स्वतः १ ते १० मध्ये दोन गुण देतो, किती जमतं आणि त्यावर किती समाधान आहे. दोन गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात. वेळ नसेल तर एवढंच विचारा: "काल घरी काय करायला गेलात आणि जमलं नाही?"

लहान मुलांच्या शीटवर 'एकाग्रता वाढवणे' दिसतं, तिथेही हेच. 'सहा आठवड्यांत, पहिल्या बाकावर बसून, फळ्यावरच्या चार ओळी जागेवरून न उठता वहीत उतरवेल. बाईंनी जास्तीत जास्त दोनदा आठवण करून. आठवड्यातल्या पाचपैकी चार दिवस.' हे लिहिण्याआधी बाईंना एकदा फोन करा, आज तो किती ओळींनंतर उठतो ते त्यांना नक्की माहीत असतं.