फितूर, फुटीर आणि फुटून निघालेला

प्रश्न असा आला आहे: नायजेरियाच्या ओजुक्वूंवर लेख लिहितो आहे. सैन्यातले अधिकारी, पुढे देशाच्या पूर्व भागानं वेगळं होऊन जाहीर केलेल्या बियाफ्राचे अध्यक्ष. त्यांना 'फितूर सेनाधिकारी' म्हणावं की 'अलगाववादी नेते'?

दोन्ही नको. 'अलगाववादी' हा हिंदी वाहिन्यांच्या पट्टीवरून जसाच्या तसा उचललेला शब्द, आणि घरात 'फुटीर' असताना तो का उचलावा हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. 'अलग'चं मूळ 'अलग्न', तेव्हा अलगाववादी म्हणजे लग्नाच्या विरोधातला माणूस, असं एका संपादकांना सांगून पाहिलं. ते मनापासून हसले आणि शब्द तसाच छापला.

'फितूर' मात्र चघळण्यासारखा आहे. हल्ली तो कोर्टाच्या बातम्यांपुरता उरला: 'साक्षीदार फितूर झाला'. मूळ म्हणून अरबी 'फुतूर' दाखवतात. फुतूर म्हणजे ढिलाई, मरगळ. हिंदीतला 'दिमाग का फितूर' त्यातून ओढूनताणून निघेलही. पण आपला फितूर किल्लेदार मरगळलेला कुठे असतो? मध्यरात्री दिंडी दरवाजा उघडून द्यायला चांगला टवटवीत जागा असतो! माझं मत स्पष्ट आहे. फुतूरनं दिला तो नुसता आवाज. अर्थ आला 'फित्ना'कडून. त्या धातूचा जुना अर्थ सोनं-चांदी आगीत घालून कस पाहणं. तिथून कसोटी, कसोटीवरून मोह, मोहावरून दुफळी आणि बंडाळी. आता आपले 'फितणे', 'फितवणे', 'फितवा' बघा. फितवणारा आग लावतो, कच्चा असेल तो वितळतो. शेजारी 'फूट' आयती होतीच, तिनं अर्थ पक्का केला. ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली असं मानणाऱ्यांनी अर्थ कोणत्या वाटेनं आला हेही एकदा सांगावं. 'फितवा' हा 'फतव्या'चा भाऊ, असं छातीठोक सांगणारेही भेटतात. अहो, फतवा चारचौघांत काढतात आणि फितवा अंधारात होतो, एवढा तरी फरक करा.

तर फितुरीला मोह लागतो, फितवणारा लागतो आणि अंधार लागतो. ओजुक्वूंच्या बाबतीत यातलं काय सापडतं? जानेवारी १९६६ मध्ये काही तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला, तेव्हा हे कानोमध्ये एका बटालियनचे प्रमुख होते. ते उठावात गेले नाहीत. त्यानंतर सत्तेवर आलेल्या जनरल इरॉन्सींनी त्यांना पूर्व विभागाचा लष्करी गव्हर्नर नेमलं. जुलैत उलटा उठाव झाला, इरॉन्सी मारले गेले, गोवॉन सत्तेवर आले. उत्तरेत इग्बोंच्या, म्हणजे ओजुक्वूंच्याच पूर्वेकडच्या समाजाच्या, कत्तली झाल्या आणि लाखो लोक पूर्वेकडे पळून आले. गोवॉन आपले वरिष्ठच नाहीत, हे ओजुक्वू उघड बोलत होते. जानेवारी १९६७ मध्ये घानात आबुरीला वाटाघाटी झाल्या. जे ठरलं त्याचा अर्थ दोघांनी दोन लावला. २७ मे रोजी गोवॉननी देशाची बारा राज्यं पाडली, ३० मे रोजी ओजुक्वूंनी बियाफ्रा जाहीर केला. सगळं दिवसाढवळ्या.

फितूर हवाच असेल तर तो बियाफ्राच्या आत शोधा. ब्रिगेडियर व्हिक्टर बांजो, स्वतः इग्बो नव्हे, पश्चिमेकडचे योरुबा. ऑगस्ट १९६७ मध्ये बियाफ्राचं सैन्य घेऊन नायजर नदी ओलांडली, नायजेरियाच्या तेव्हाच्या राजधानीच्या, लागोसच्या वाटेवर ओरेपर्यंत धडकले. पुढे ओजुक्वूंविरुद्ध कट केल्याचा आरोप आला आणि २२ सप्टेंबरला एनुगूत आणखी तिघांसह त्यांना गोळ्या घातल्या. आरोप खरा-खोटा काही असो, तो फितुरीचाच होता. बियाफ्रात अशा संशयितासाठी 'सॅबो' हा शब्द तोंडोतोंडी झाला. 'सॅबोटर'ला कात्री लावून केलेला.

आता 'फुटणे'. आमदार फुटतो म्हणजे पलीकडे जाऊन बसतो. भाऊ फुटून निघतो म्हणजे स्वतःची चूल मांडतो. मराठीनं हा भेद 'निघणे' एवढ्या एका क्रियापदावर पेलला आहे आणि आपण 'विभक्ततावादी' असले जोडशब्द पाडत बसतो. ओजुक्वू फुटले नाहीत, फुटून निघाले. चेचन्या रशियापासून वेगळा जाहीर करणारे दुदायेवही तसेच: सोव्हिएत हवाई दलात मेजर जनरल, एस्टोनियात तार्तूला बॉम्बर डिव्हिजनचे प्रमुख, १९९० मध्ये हवाई दल सोडलं आणि मग राजकारणात शिरले.

ओजुक्वूंचं पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल: जानेवारी १९७० मध्ये आयव्हरी कोस्टला पलायन, १९८२ मध्ये माफी, परत येऊन ज्यांनी माफी दिली त्यांच्याच पक्षात प्रवेश, २००३ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक. २०११ मध्ये लंडनला वारले, तर पुढच्या वर्षी त्याच नायजेरियन सैन्यानं त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला. फितुराला सलामी देणारं सैन्य मला तरी माहीत नाही.

लेखात 'बियाफ्राचे नेते' लिहा, विशेषण हवंच असेल तर 'फुटीर'. 'बंडखोर' चालेल, पण ते लागोसचं म्हणणं आहे हे वाक्यातून दिसू द्या.