मुंडावळ्यांना कंगव्याचे दाते

प्रश्न : आमचं लग्न २००३ सालचं. शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर, नंतर त्याची डीव्हीडी मिळाली. गेल्या वर्षी एकाकडून त्या डीव्हीडीची ‘फुल एचडी’ फाइल पेनड्राइव्हवर करून घेतली. ५५ इंची फोर-के टीव्हीवर डीव्हीडी बरी दिसते. फाइल लावली की हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला आडव्या रेघा येतात. टीव्हीत दोष आहे का? वेगळा स्केलर (चित्र मोठं करून टीव्हीला देणारा डबा) घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्केलरवर पैसे घालू नका. डीव्हीडी बरी दिसते म्हणता, म्हणजे टीव्ही ठणठणीत आहे. फाइल बिघडली आहे.

आपल्याकडचे ते कॅमेरे पाल पद्धतीचे. ५७६ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम. पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत टिपलेली. आधी एकाआड एक २८८ ओळी, मग १/५० सेकंदाने उरलेल्या. तेवढ्यात नवरी मान वळवते, मुंडावळी झुलते. पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे हप्ते एकामागून एक दाखवायचा, त्यामुळे कधी खटकलं नाही. आताचा पडदा पूर्ण चित्र एकदम मागतो. म्हणून आधी या दोन हप्त्यांचा, म्हणजे फील्डचा, मेळ घालायचा (डीइंटरलेसिंग) आणि मगच चित्र मोठं करायचं (स्केलिंग).

तुमच्या माणसाने पहिली पायरी गाळून थेट ५७६चं १०८० केलेलं दिसतंय. वरातीतल्या ताशेवाल्याच्या काड्यांवर फाइल थांबवून बघा. तुमच्या त्या आडव्या रेघा म्हणजे कंगव्यासारखे दाते. मूळ चित्रात ते एकसारखे, बरोबर एका ओळीच्या जाडीचे असतात. ताणलेल्या फाइलमध्ये ते कुठे जाड, कुठे बारीक, पुसट होतात. असं झालं की फील्ड वेगळे करता येत नाहीत, टीव्ही कितीही महाग असो.

मी बारा वर्षं लग्नाचं एडिटिंग केलं, तरी बहिणीच्या लग्नात याहून मोठा घोळ घातला. दाते नकोत म्हणून एक फील्डच टाकून दिला. दाते गेले, निम्म्या ओळीही गेल्या आणि पैठणीच्या तिरप्या काठाला जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या. कॅसेट तोवर पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली होती. भाऊबीजेला अजून ऐकून घेतो.

तुमची कॅसेट सापडली तर उत्तम, नाहीतर डीव्हीडीवरूनच नवी फाइल करून घ्या. त्या माणसाला सांगा : डीइंटरलेसिंगसाठी क्यूटीजीएमसी ही स्क्रिप्ट वापर, सेकंदाला ५० फ्रेम ठेव, आकार वाढवू नकोस. २५ केल्या तर नाच अडखळत दिसतो. मोठं करायचं काम टीव्हीवर सोडा.

डीव्हीडीचं म्हणाल तर प्लेअरच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये तीच वरात तीनदा बघा. ५७६आयवर (आय म्हणजे दोन हप्त्यांतलं चित्र) दोन्ही कामं टीव्ही करतो (हा पर्याय सगळ्या प्लेअरमध्ये नसतो). ५७६पीवर (पी म्हणजे पूर्ण चित्र) डीइंटरलेसिंग प्लेअरकडे. १०८०पीवर प्लेअर दोन्ही करतो, टीव्हीला फक्त दुप्पट करायचं उरतं. चित्र थांबवून तुलना करू नका, बरेच प्लेअर तेव्हा एकच फील्ड दाखवतात. चालत्या चित्रात साडीचा काठ आणि मांडवाचे तिरपे बांबू बघा. बांबू वळवळत असतील तर ते सेटिंग बाद. माझ्याकडे ५७६आय जिंकलं, तुमच्याकडे उलटही होईल. बघताना गेम मोड बंद, शार्पनेस अगदी कमी. आणि चौकट ४:३ वर ठेवा, नाहीतर सडपातळ नवरदेव बोहल्यावर मावायचा नाही.