नागपुरात राहून समुद्री शेवाळाचा अभ्यास?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. समुद्री शेवाळाच्या अर्काने जंतू मरतात, त्यावरच संशोधन करीन म्हणते. इथे समुद्र कुठला? की बी.एड. करायला सांगू?

उत्तर : भाऊ, समुद्र तुमच्या मुलीच्या हातात आधीच आलाय. कॉलेजच्या लॅबमध्ये ती ज्या अगारवर जंतू वाढवते, तो जेलीसारखा पदार्थ लाल समुद्री शेवाळापासूनच निघतो. पूर्वी त्यासाठी जिलेटिन वापरत, पण ते उन्हाळ्यात वितळायचं. मग १८८१ च्या सुमारास, जंतूंवर संशोधन करणाऱ्या नवऱ्याला लॅबमध्ये मदत करणाऱ्या फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातला अगार सुचवला. नागपूरच्या मे महिन्यातही तो टिकतो!

तिच्या विषयात दम आहे. शेवाळ खडकाला धरून एका जागी असतं. अंगावर जंतूंचा थर चढू नये म्हणून काही जाती स्वतःच रसायनं तयार करतात. 'डेलिसिया पल्क्रा' या लाल शेवाळातली फ्युरॅनोन नावाची रसायनं तर जंतूंचे एकमेकांना जाणारे रासायनिक निरोपच बिघडवतात. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असताना ही वाट मला फार मोलाची वाटते.

पण तिला एक आत्ताच सांगा. मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काची डिस्क, म्हणजे अर्कात भिजवलेली कागदाची छोटी चकती, अगारवर ठेवली आणि तिच्याभोवती जंतू वाढले नाहीत, म्हणजे औषध सापडलं असं नाही. नुसतं मिथेनॉलही जंतू मारतं. म्हणून शेजारी तेवढ्याच मिथेनॉलची डिस्क हवीच. शिवाय डिस्कभोवतीचं ते जंतू नसलेलं वर्तुळ किती मोठं, हे रसायन अगारमध्ये किती पसरतं त्यावरही ठरतं. खरी ताकद कळते एमआयसी काढल्यावर, म्हणजे किती कमी मात्रेत वाढ थांबते ते पाहिल्यावर. आणि अर्कातलं नेमकं कोणतं रसायन काम करतं, हे शोधायला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करण्याची पद्धत, लागते. म्हणून तिने केमिस्ट्री सोडू नये, हा माझा आग्रह आहे.

यातलं बहुतेक काम वाळवलेल्या शेवाळाच्या भुकटीवर होतं, ती नागपुरातही मागवता येते. आधी एम.एस्सी., मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर येणार नाही. भावनगरची सीएसएमसीआरआय (मीठ आणि समुद्री रसायनांवर संशोधन करणारी) आणि गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) या संस्थांना प्रकल्पासाठी तिने स्वतः ईमेल करावा. बी.एड. नंतरही करता येईल.

पुढचं पत्र मात्र तिलाच लिहू द्या. कोणतं शेवाळ निवडलं आणि का, ते मला तिच्याकडून वाचायचंय.