रिकामा पिकअप आपटतोय म्हणून पाटा काढताय? आधी शॅकलचे बोल्ट बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की डबल केबिनचा, छोट्या हौद्याचा पिकअप बेदाण्याच्या बॉक्सांनी भरला की व्यवस्थित चालतो, पण रिकामा तासगावहून सांगलीला येताना मागनं उडतो. मागच्या सीटवर बसून वडिलांची कंबर धरली. एकानं सांगितलं, मागच्या पाट्यांतला, म्हणजे हौद्याखाली एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमधला, एकेक पाटा काढून टाका. आणि वर्कशॉपवाले म्हणतात, ‘पिकअप आहे, असंच असणार.’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य ऐकत मी एक अख्खा हंगाम काढलाय.

मी मेकॅनिक नाही. द्राक्षाचं आणि ठिबकच्या पाइपांचं भाडं मारतो, त्यातनं जे कळलं ते लिहितो. तुमच्या गाडीचं मॉडेल वेगळं असेल तर माहीतगाराला दाखवूनच हात लावा.

पाटा काढायचं डोक्यातनं काढून टाका. एक पाटा गेला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो, आणि हंगामात एखाद्या खड्ड्यात मेन पाटाच तुटतो. पण खरी भीती ब्रेकची आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला भाराप्रमाणे दाब देणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी एक्सलला, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याला, जोडलेली असते. हौदा खाली बसला की त्याला वाटतं गाडी भरलीय, आणि तो मागं जास्त दाब सोडतो. पाटा काढल्यावर रिकामी गाडीच खाली बसते, मग पावसात कुमठे फाट्याला कचकन ब्रेक मारलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होऊ शकते. जास्तीचा पाटा घातला तर याच्या उलट, भरलेल्या गाडीला मागं ब्रेक कमी लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. कंपनीच्या मापात बदल केला म्हणून पासिंगला अडवतील, अपघात झाला तर विम्यावाले बोट दाखवतील.

आता माझं जे झालं ते. मागनं करकर येत होती म्हणून गाडी वर्कशॉपला दिली, नाव घेत नाही. त्यांनी पाट्यांचे आणि शॅकलचे (शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक गाडीला टांगणारी हलती कडी) रबरी बुश, म्हणजे बोल्टाभोवती बसणारी रबरं, बदलले. करकर गेली, पण गाडी लाकडी झाली. डांबराचा साधा सांधा आला तरी मणक्यात जायचा. परत नेली तर म्हणाले शॉकअप गेलेत. नवे घातले. फरक नाही म्हटल्यावर ‘हेवी ड्यूटी’ घाला म्हणाले, तेही घातले, आणि रिकामी गाडी आणखी आपटायला लागली. वॉरंटीत बघा म्हटलं तर बुश झिजणारी वस्तू आहे, त्यात बसत नाही. काउंटरवरच्या माणसानं एकदाही खाली वाकून गाडी बघितली नाही. बिलं मात्र प्रत्येक वेळी वेळेवर. गाडीचा हप्ता भरणाऱ्या माणसाला ‘असंच असतं’ सांगून घालवायचं, याचा मला आजही राग येतो.

शेवटी मिरजेकडच्या एका म्हाताऱ्या पाटेवाल्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘बोल्ट आवळले तेव्हा गाडी लिफ्टवर होती का?’ होतीच. या बुशच्या आत लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की नळी पक्की धरली जाते, आणि पुढं पाटा हलतो तेव्हा फक्त रबर पिळलं जातं. गाडी टांगलेली असताना एक्सल खाली लोंबतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळले की गाडी जमिनीवर टेकल्या टेकल्या रबराला पीळ बसतो, आणि तो पीळ पाट्याला कायम खाली ढकलत राहतो. म्हणजे पाट्यासोबत एक आगंतुक स्प्रिंग. पुढं रबर फाटतं ते वेगळंच.

त्यानं गाडी सपाट जागेवर चाकांवरच उभी ठेवली, चाकांना दगड लावले, खाली आडवा होऊन डावीकडचा बोल्ट सैल केला. ‘कट्’ असा आवाज आला आणि हौद्याचा तो कोपरा डोळ्यांदेखत बोटभर खाली आला. पाट्याच्या डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या गोल भोकापाशी, रबराचा काळा भुगा पडला होता. सगळे बोल्ट सैल करून त्यानं हौद्यावर उभं राहून गाडी चांगली हलवली, मग चाकांवर असतानाच परत आवळले. दोन बुश फाटले होते, ते बदलले. परत येताना गाडी दुसरीच वाटली.

तुमचे बुश कुणी बदललेत का, हे पोस्टमध्ये नाही. बदलले असतील तर तिथनंच सुरुवात करा. मात्र ग्रीस भरायच्या बारीक तोटीवाले, म्हणजे निपलवाले, शॅकल असतील तर ही भानगड नसते. तिथं ग्रीस आत जातंय का बघा, नाहीतर पिना गंजून शॅकल अडकतो आणि पाटा लांबायला जागाच राहत नाही.

हवा तुम्ही बघितली असेलच, तरी एक सांगतो. ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या प्लेटवर बहुतेक वेळा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगळी दिलेली असते. पंपावरचा पोरगा हंगामातली हवाच वर्षभर ठेवतो. स्वतःचा गेज घ्या, सकाळी टायर गार असताना मोजा, आणि रिकामी गाडी रिकाम्या आकड्यावर आणा. त्याच्या खाली नको. भरायच्या आदल्या दिवशी परत वाढवा, नाहीतर टायर तापून फुटेल.

पाट्यांमध्ये गंज आणि काळ्या रानाची माती बसली असेल तर पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, बारीक खडखड त्यातनंच येते. पाटे उघडून, घासून, ग्रॅफाइटचं ग्रीस लावून बसवा. जुनं इंजिन ऑइल मारायची पद्धत आहे आपल्याकडं, मला पटत नाही. धूळ धरते आणि बुशचं रबर खाते. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट शक्यतो नवे घाला, आणि पाचेकशे किलोमीटरनं परत आवळून घ्या.

एवढं करूनही रिकामी गाडी थोडी उडणारच, टनाच्या हिशोबानं घडवलेला पाटा दोन माणसांनी दबत नाही. तेव्हा वडिलांना पुढं बसवा. डबल केबिनची मागची सीट एक्सलच्या जवळ असते, तिथं बसणाऱ्याला सगळा मार लागतो. वाळूची पोती टाकायची तर केबिनला लागून, बांधून टाका. छोट्या हौद्यात एक्सलच्या मागं वजन गेलं की स्टेअरिंग हलकं पडतं.

शॉकअपला सगळ्यात शेवटी हात लावा. तेल गळत असेल तर बदला, कंपनीच्या मापाचेच घ्या.

बोल्ट सैल केल्यावर हौदा किती खाली आला, प्लेटवर हवा किती लिहिलीय आणि एक्सलच्या वरच्या रबरी स्टॉपरला रिकाम्या गाडीत किती जागा राहते, एवढं मोजून इथंच टाका. जागा फारच कमी असेल तर पाटे बसलेत, म्हणजे त्यांचा बाक गेलाय, मग सेट बदलायचं वेगळं बघावं लागेल.