आई, मामा, मावशी तिघांनाही हिपॅटायटिस बी. हा आजार आनुवंशिक आहे का? बहीण गरोदर आहे, आम्ही नागपूरला असतो.

आजार आनुवंशिक नाही. तिघा भावंडांना तो बहुधा आजीकडून, बाळंतपणात लागला असावा. महत्त्वाचं असतं ते लागण झाली तेव्हाचं वय. जन्मतानाच लागण झालेल्या सुमारे ९०% बाळांमध्ये विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. त्यांची कोवळी प्रतिकारशक्ती त्याच्यावर नीट तुटून पडत नाही आणि तो वर्षानुवर्षं काही त्रास न देता यकृतात वाढत राहतो. मोठेपणी लागण झाली, तर बहुतेकांच्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) त्याला सहा महिन्यांत हुसकावून लावतात.

जनुकांचा हात आहे, पण दुय्यम. एचएलए-डीपी जनुकांपासून बनणारी प्रथिनं विषाणूचे तुकडे टी-पेशींना दाखवतात. या जनुकांच्या काही प्रकारांत आजार रेंगाळण्याची शक्यता जास्त असते, हे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. विषाणू शोधणाऱ्या ब्लमबर्ग यांनाही रक्तात सापडलेलं त्याचं प्रथिन आधी आनुवंशिक गुणच वाटलं होतं!

तुम्ही आणि बहिणीने एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी या रक्ताच्या तपासण्या करा. सगळ्या निगेटिव्ह आल्या तर लसीचे तीन डोस घ्या. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. एका ताटात जेवल्याने काही होत नाही, रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवा.

बहिणीची तपासणी याच आठवड्यात करा, कृपया. पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर विषाणूचं प्रमाण बघून तिला गोळ्या देतील, आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस व इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्ही मिळायला हवं. हे प्रसूतीच्या फाइलवर आधीच लिहून घ्या.