आई-बाबांना न्यूयॉर्कची ख्रिसमसची रोषणाई दाखवायची आहे. लोकल गाईड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येताय, मुक्काम न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे, आई-बाबा दोघंही पासष्टीच्या पुढचे, आणि रोषणाईसाठी हाताशी दोनच संध्याकाळी आहेत. मग एक संध्याकाळ गाईडबरोबर काढा आणि एक गाईडशिवाय. गाईडचे पैसे ब्रुकलिनच्या डायकर हाइट्सवर, म्हणजे घराघरांवर रोषणाई करणाऱ्या वस्तीवर, खर्च करा, मॅनहॅटन तुमचं तुम्ही बघा. बहुतेक पाहुणे नेमकं उलटं करतात. रॉकफेलर सेंटरच्या मोठ्या ख्रिसमस ट्रीपाशी गाईडच्या छत्रीमागे धावतात आणि डायकर हाइट्स 'लांब पडतं' म्हणून सोडून देतात.

मॅनहॅटनच्या रोषणाईत वाट चुकण्यासारखं काही नाही. जवळजवळ सगळं फिफ्थ आणि सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूच्या मधल्या दहा-बारा ब्लॉकमध्ये आहे. तिथे अडचण एकच, गर्दी, आणि ती गाईडला हटवता येत नाही. उलट वीस जणांच्या घोळक्यात आई मागे राहिली की तुमचं लक्ष झाडाकडे न राहता आईकडे राहणार.

तिथे वेळ साधली की निम्मं काम झालं. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारासच मावळतो, म्हणजे दिवे बघायला रात्र व्हायची वाट बघावी लागत नाही. सोमवार किंवा मंगळवार धरा, एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून दुपारची गाडी पकडून पेन स्टेशनला या आणि चारच्या आत ब्रायंट पार्क गाठा. ऑफिसं सुटेपर्यंत तुमचं अर्धं बघून झालेलं असतं. शनिवार-रविवार अजिबात नको. टॅक्सीचाही विचार सोडा, कारण या दिवसांत शहराचं वाहतूक खातंच काही तारखा 'ग्रिडलॉक अलर्ट डे' म्हणून जाहीर करतं आणि गाड्या आणू नका सांगतं.

ब्रायंट पार्कपासून सुरुवात करण्याचं खरं कारण तिथला बर्फावरचा रिंक किंवा बाजार नाही, तिथलं स्वच्छतागृह आहे. हसू नका. ज्येष्ठांना घेऊन मिडटाउनमध्ये फिरताना हाच पहिला प्रश्न असतो आणि कुठलंही माहितीपत्रक तो घेत नाही. ४२व्या स्ट्रीटच्या बाजूला, लायब्ररीच्या मागे, दगडी बांधणीची छोटी इमारत आहे. आत ताजी फुलं ठेवलेली असतात, मंद शास्त्रीय संगीत चालू असतं, आणि पैसे पडत नाहीत. रांग असते, पण सरकते.

तिथून सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूने वर चालत जा. ४९-५०व्या स्ट्रीटच्या आसपास कारंज्यात रचलेले माणसापेक्षा उंच लाल गोळे दिसतील, पुढे रेडिओ सिटी म्युझिक हॉल. रॉकफेलरच्या झाडाकडे याच बाजूने शिरा. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूकडून जाणारी वाट फोटोत सुंदर दिसते, पण तिथे मुंगी शिरायला जागा नसते.

झाडाची थोडी माहिती आधीच देतो, म्हणजे तिथे गाईडची गरज भासणार नाही. १९३१ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, रॉकफेलर सेंटरच्या बांधकामावरच्या मजुरांनी जेमतेम २० फुटांचं झाड उभं केलं आणि घरून आणलेल्या कागदी माळा वगैरेंनी सजवलं. अधिकृत सोहळा १९३३ पासून. आता बहुतेक वेळा नॉर्वे स्प्रूस जातीचं सूचिपर्णी झाड असतं, ७० ते १०० फुटांच्या दरम्यान, त्यावर साधारण ५० हजार एलईडी दिवे. टोकावरची चांदणी २०१८ साली वास्तुविशारद डॅनियल लिबेस्किंड यांनी केली. वजन ९०० पौंड, म्हणजे चारशे किलोंच्या वर, आणि स्फटिक ३० लाख. सण संपला की झाड चिरतात आणि ते लाकूड गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेला जातं. बाबांना चांदणीपेक्षा ही शेवटची गोष्ट जास्त आवडेल असा माझा अंदाज.

तुम्ही एडिसनला उतरणार म्हणून एक गंमत. त्या गावाला ज्याचं नाव आहे त्या थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथलीच. त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली मॅनहॅटनमधल्या आपल्या घरी विजेच्या दिव्यांचं पहिलं ख्रिसमस ट्री लावलं. लाल, पांढरे, निळे असे ८० बल्ब, हाताने जोडलेल्या तारा, आणि झाड स्वतःभोवती फिरणारं. त्याआधी लोक झाडावर चक्क पेटत्या मेणबत्त्या लावायचे. तेव्हा पुढे जे काही बघाल त्याचं मूळ तुमच्या नातेवाइकांच्या गावाशी जोडलेलं आहे.

झाड बघून झालं की समोर फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू. सॅक्स या मोठ्या दुकानाच्या इमारतीवरच्या दिव्यांच्या खेळावर फार भिस्त ठेवू नका, २०२४ साली तो झालाच नव्हता. येण्याआधी त्या वर्षीचं पाहून घ्या. शेजारच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये मात्र जरूर जा. आत ऊब असते, बसायला बाकं असतात, तिकीट नसतं. पंधरा मिनिटं पायांना विसावा द्या. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसायचं, एवढंच.

मग ५२व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कार्टिए या जवाहिऱ्याची इमारत. दर डिसेंबरात ती भेटवस्तूसारखी सजते आणि लोक फोटो काढून पुढे सरकतात. पण ती वास्तू त्या जवाहिऱ्याकडे आली कशी? १९१७ साली मॉर्टन प्लांट नावाच्या धनाढ्याने आपला हा राहता वाडा १०० डॉलर आणि अस्सल मोत्यांच्या एका दुपदरी हाराच्या बदल्यात देऊन टाकला. बायकोला तो हार आवडला होता. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. पुढे कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती बाजारात आले, मोत्यांचे भाव कोसळले आणि वाडा मात्र जागच्या जागी. आईला तिथेच उभं करून सांगा.

कार्टिएपासून पूर्वेला दोन अ‍ॅव्हेन्यू चाललात की पार्क अ‍ॅव्हेन्यू. घाईत असाल तरी हे चुकवू नका. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात ५४व्या स्ट्रीटपासून ९७व्यापर्यंत झाडांवर पिवळसर-पांढरे दिवे लावलेले असतात. जाहिरात नाही, संगीत नाही. १९४५ साली, दुसऱ्या महायुद्धात मुलं गमावलेल्या कुटुंबांनी त्यांच्या आठवणीत हे दिवे लावायला सुरुवात केली. गर्दीही फारशी नसते. तिथून एक ब्लॉक पुढे लेक्सिंग्टनला सबवेची ई ट्रेन मिळते, थेट पेन स्टेशन, आणि दोन्ही टोकांना लिफ्ट आहे. साडेसात-आठला तुम्ही परतीच्या गाडीत असाल.

(तुमच्या तारखांत हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण आला तर ५९व्या स्ट्रीटला ३६ फुटी मेनोरा, म्हणजे त्या सणाची दीपमाळ, दिसेल. दिवे लावायला क्रेनच्या पाळण्यात बसून वर जातात. जमलं तर बघा, त्यासाठी वाकडी वाट नको.)

आता डायकर हाइट्स. हा ब्रुकलिनच्या दक्षिण भागातला घरगुती मोहल्ला, मुख्यतः ११व्या ते १३व्या अ‍ॅव्हेन्यू आणि ८३व्या ते ८६व्या स्ट्रीटच्या मधला. इटालियन वंशाच्या कुटुंबांची जुनी वस्ती, आता चिनी कुटुंबंही बरीच. १९८०च्या दशकात इथल्या एक-दोन घरांनी हौसेने रोषणाई सुरू केली, शेजारी चढाओढीला उतरले आणि आज अख्खी गल्ली लखलखते. पुण्यात गणपतीत रात्री आरास बघत पेठा पालथ्या घालतो तसाच प्रकार आहे. फरक इतकाच की इथे वर्गणी नाही, ज्याचं घर त्याचा खिसा.

इथे गाईड का? पहिलं कारण पायांचं. मॅनहॅटनहून सबवेने तास-सव्वा तास, आणि आर ट्रेनच्या ८६व्या स्ट्रीट स्टेशनला लिफ्ट असली तरी तिथून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. डी ट्रेन त्यातल्या त्यात जवळ सोडते, पण उंचावरच्या स्टेशनातून जिने उतरावे लागतात. नातेवाइकांच्या गाडीने गेलात तर पार्किंगला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाईल. बसची टूर मॅनहॅटनहून नेते आणि परत आणून सोडते. साधारण तीन-साडेतीन तासांचा मामला, वाटेत कुठेतरी हॉट चॉकलेट आणि कनोली खायला थांबतात. कनोली म्हणजे तळलेल्या कुरकुरीत नळीत भरलेलं गोड रिकोटा चीज. बाबांना मधुमेह असेल तर अर्धंच.

दुसरं कारण असं की इथे डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा सांगण्यासारखं जास्त आहे, आणि ते तिथल्याच माणसाला माहीत असतं. मी ज्यांच्यासोबत फिरलो ते गाईड शेजारच्याच बेन्सनहर्स्टमध्ये वाढलेले, साठीतले गृहस्थ. एका घरापुढे त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "ऐका." आधी काही कळेना. मग लक्षात आलं की हिरवळीवरून एक सलग घुंघुं आवाज येतोय. हवा भरलेले जे सांता, हरणं, बर्फाचे बाहुले उभे असतात, त्या प्रत्येकाच्या बुडाशी छोटा पंखा असतो आणि तो सतत फिरत राहतो. दिवसा पंखे बंद. दुपारी आलात तर सगळे सांता अंगणात वाळत घातलेल्या चादरींसारखे आडवे पडलेले दिसतात, असं ते म्हणाले. मग बुटाच्या टोकाने त्यांनी पायवाटेवरच्या रबरी चटईची कड जराशी उचलली. खाली मनगटाएवढा जाड वायरींचा जुडगा.

घर कंपनीने सजवलंय की घरच्यांनी, हे ओळखायची खूणही त्यांनीच दिली. कंपनीच्या माळा छपराच्या कडेला आखून काढल्यासारख्या सरळ असतात. झुडपांवरचे बल्बसुद्धा एका मापाचे. घरच्यांनी केलेल्या ठिकाणी माळ मधेच सैल पडलेली, दोन रंग जुळलेले नाहीत, एका खिडकीत तीस वर्षांपूर्वीचा प्लास्टिकचा सांता, ज्याचा लाल रंग गुलाबी झालाय. हे कळल्यावर आमच्या गटातली मंडळी मोठी घरं सोडून सैल माळा शोधायला लागली. मोठ्या घरांची भव्यता आहेच. दोन-दोन मजली लाकडी शिपाई दाराशी उभे केलेलं घर बघून तुमची आई 'अगंबाई' म्हणणार. पण चार गल्ल्या फिरल्यावर डोळे दिपून शिणतात, आणि पुढे काय बघायचं ते सांगणारं माणूस हवंसं वाटतं.

टूर ठरवताना जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा आणि फोनवर किंवा ईमेलने काही गोष्टी विचारून घ्या. गाईड खाली उतरून तुमच्यासोबत चालतो की बसमधल्या माइकवरून बोलतो आणि तुम्हाला 'पाऊण तासात परत या' म्हणून सोडून देतो? दुसरा प्रकार असेल तर त्याला गाईड म्हणू नये. चालणं किती आणि बसायला कुठे मिळेल? स्वच्छतागृहाचा थांबा कधी? पाऊस आला तर पैसे परत की दुसरी तारीख? न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांना फिरवणाऱ्या गाईडला शहराची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, तेव्हा परवान्याची चौकशी करण्यात संकोच नको. आणि गाईड मूळचा ब्रुकलिनचा आहे का, हे तर विचाराच.

वेळ लवकरची निवडा. बरीच घरं नऊच्या सुमाराला दिवे मालवतात, त्यामुळे मॅनहॅटनहून सात-साडेसातला निघणारी बस घेतलीत तर निम्मी मजा हुकेल. टिप तिकिटात धरलेली नसते. गाईड चांगला असेल तर १५ ते २० टक्के द्या.

एक पथ्य. ही राहती घरं आहेत. पायऱ्या चढून फोटो काढायचे नाहीत, कुंपणाला टेकायचं नाही. रोजच्या गर्दीने तिथले लोक आधीच वैतागलेले असतात. काही घरांपुढे देणगीची पेटी असते, त्यात काही टाकलंत तर उत्तम.

थंडीचं म्हणाल तर तापमान शून्याच्या आसपास असतं, पण खरा त्रास अ‍ॅव्हेन्यूमधून येणाऱ्या वाऱ्याचा. पुण्याहून आणलेला एकच जाड स्वेटर कामाचा नाही. आतून थर्मल, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे, आणि जाड तळव्याचे बूट. स्पोर्ट्स शूजमधून थंडी खालून चढते. फोनची बॅटरी थंडीत झरझर उतरते, तेव्हा फोन आतल्या खिशात ठेवा.

३१ तारखेला टाइम्स स्क्वेअरला जावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. आई-बाबांना घेऊन नाही. दुपारपासून कठड्यांच्या आत उभं राहावं लागतं, स्वच्छतागृह नाही, मोठी बॅग नेऊ देत नाहीत, आणि एकदा बाहेर पडलात की जागा गेली. एडिसनला टीव्हीसमोर गरम चहा घेऊन नववर्षाचा तो दिव्यांचा बॉल मध्यरात्री खाली येताना बघा, तो टीव्हीवर जास्त नीट दिसतो.