अर्जुन : आधी झाड की आधी पांडव?

प्रश्न असा आहे : अर्जुनसादड्याला पांडवाचं नाव मिळालं, की झाडावरून पांडवाचं नाव ठेवलं? माझ्या मते दोन्ही नाही. दोघांनीही एकाच विशेषणातून आपापला वाटा उचलला आहे.

संस्कृतात अर्जुन म्हणजे पांढरा, लख्ख. ऋग्वेदातलं एक अग्निसूक्त (६.९) ‘अहश्च कृष्णमहरर्जुनं च’ असं सुरू होतं. काळा दिवस आणि उजळ दिवस, म्हणजे रात्र आणि दिवस. कृष्ण आणि अर्जुन एकाच ओळीत, पण रथ नाही की कुरुक्षेत्र नाही, नुसते दोन रंग! अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही ‘धवल’च्या शेजारी ‘अर्जुन’ बसलाय. आपलं ‘रजत’ आणि लॅटिनमधली चांदी, ‘अर्जेंटम’, हेही याच कुळातले. म्हणजे लांबून का होईना, अर्जेंटिनासुद्धा अर्जुनाच्या नात्यातली.

आता झाड. नदीकाठी अर्जुन दिसला तर खोड बघा : गुळगुळीत, राखी-पांढरं, सालीचे पापुद्रे सुटलेले. त्याचाच भाऊबंद ऐन. त्याची साल मात्र काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. ऐनाला काही भागांत सादडा म्हणतात. तेव्हा अर्जुनसादडा म्हणजे सरळ ‘पांढरा सादडा’, असं मी समजतो. बाळकृष्णाने उखळ ओढत पाडलेले यमलार्जुन म्हणजे याच झाडाची जोडी. (अमरकोशात गवतालाही अर्जुन म्हटलंय, पण ते मराठीत आलं नाही.)

पांडवाच्या बाबतीत अडचण अशी की महाभारतातला अर्जुन सावळा. विराटपर्वात विराटाच्या मुलाला, उत्तराला, आपली दहा नावं उलगडून सांगताना तो म्हणतो, माझ्यासारखा वर्ण पृथ्वीवर दुर्मीळ आणि माझं कर्म शुक्ल, म्हणून मी अर्जुन. पांढरेपणा कातडीवरून कर्मावर ढकलला! मला ही सारवासारव वाटते. खरा धागा ‘शतपथ ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथात सापडतो. तिथे अर्जुन हे इंद्राचं गुप्त नाव आहे, आणि इंद्राच्या फल्गुनी नक्षत्रांना अर्जुनी असंही म्हटलंय. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तातही फल्गुनींसाठी ‘अर्जुनी’च येतं. इंद्राचा मुलगा अर्जुनही आणि फाल्गुनही का, हे इथे उमगतं. नाव बापाकडून आलंय.

अमरकोशात या झाडाला नदीसर्ज आणि ककुभ यांच्या जोडीला वीरतरु आणि इंद्रद्रु अशीही नावं दिली आहेत. ही दोन मात्र पांडवाची आठवण ठेवून चिकटली असतील, इतपत मी मान्य करीन. मूळ ‘अर्जुन’ला त्याची गरज नाही.

मग श्रीशैलचा मल्लिकार्जुन? मल्लिका म्हणजे मोगरा, तेव्हा ‘मोगऱ्यासारखा शुभ्र’ हा अर्थ सहज बसतो. पण तमिळनाडूत तिरुविडैमरुदूरचा शिव मध्यार्जुन आहे, आणि तमिळमध्ये इडै म्हणजे मध्य, मरुदु म्हणजे अर्जुनाचं झाड. तिथला अर्जुन झाडच आहे. त्याच न्यायाने श्रीशैलच्या नावात मोगरा आणि अर्जुन अशा दोन वनस्पती शेजारी उभ्या असू शकतात. मला हा दुसरा अर्थ जास्त आवडतो, पण पहिला चूक ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.